बारा दिवस लाईट नव्हती तेव्हा तगले, आली त्या रात्री मेले: निसर्ग वादळातल्या एका टँकची केस

निसर्ग वादळाचा विषय निघाला की कोकणात लोक पडलेल्या पोफळी, उडालेली कौलं आणि आठवडेच्या आठवडे न आलेली लाईट यांच्या गोष्टी सांगतात, माशांच्या टँकची गोष्ट कोण सांगणार. पण एका टँकची सगळी हकीकत माझ्याकडे तारखांसकट आहे, कारण त्या टँकचे मालक काका रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी दोन ओळी खरडतात आणि वादळातही त्यांनी ते सोडलं नाही. मी पनवेलला टँक लावून देणं आणि सांभाळणं हे काम करतो. नंतर काकांनी जून महिन्याच्या पानाचे फोटो पाठवले, दोनतीन वेळा फोनवर सविस्तर बोलणं झालं, त्यावरून हे लिहितोय. थोडक्यात असं की लाईट नव्हती त्या बारा दिवसांत पहिली पहाट सोडली तर एकही मासा गेला नाही, आणि लाईट आली त्या एका रात्रीत बहुतेक टँक साफ झाला.

गाव मुरूड तालुक्यातलं, समुद्राला लागून. काका मुंबईतून रिटायर होऊन तिकडे घर बांधून राहिलेत, वाडी आहे, घरची विहीर आहे. मुंबईतला टँक त्यांनी टेम्पोतून सोबत नेला होता. चार बाय दीड बाय दीड फुटाचा, म्हणजे वाळू-दगड सोडून धरा दोनशे लिटर पाणी. त्यात सहा सिल्व्हर शार्क, चांगले वीतभर वाढलेले, चार एंजल, दहाबारा विडो टेट्रा, दोन पर्ल गोरामी आणि एक जुना सकर जो सगळ्यांनाच असतो. खाली कपाटात कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे बंद डब्यातला फिल्टर, शिवाय एक साधा एअर पंप, वर लाकडी हूड, म्हणजे झाकण. पाहुण्यांना दाखवायला एक नंबर, पण गर्दी जरा जास्तच होती, आणि हे मी काकांना आधीपासून सांगत आलो होतो, त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर की "अरे बाबा, पाणी बघ ना कसं काचेसारखं आहे". पाणी स्वच्छ दिसणं आणि पाण्यात श्वास घेता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लाईट जाईपर्यंत कोणाला पटत नाही.

३ जून २०२०, बुधवार. वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, वारे ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचे. लाईट सकाळीच गेलेली होती. आदल्या रात्री काकूंनी विचार केला की उद्या काय परिस्थिती असेल कोण जाणे, माशांकडे बघायला कोणाला वेळ मिळणार, म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा दुप्पट खाणं टाकलं. आपण माणसांच्या बाबतीत असंच करतो ना, प्रवासाला निघताना पोटभर खाऊन घे म्हणतो. माशांच्या बाबतीत हे अगदी उलटं पडतं. भरल्या पोटाचा मासा पचवायला जास्त ऑक्सिजन घेतो, जास्त घाण करतो, आणि जे खाणं खाली पडून राहतं ते कुजायला लागलं की तेही ऑक्सिजनच खातं.

दुपारी पडवीची कौलं गेली, मागच्या खोलीत पाणी शिरलं, माणसं अंथरुणं आणि तांदळाचं पिंप वाचवण्यात गुंतलेली, टँककडे कोणी बघितलं नाही आणि बघायला पाहिजे होतं असं म्हणणाराही मी नाही. रात्री मेणबत्ती. टँकवर हूड तसंच. पहाटे काका उठले तेव्हा दोन सिल्व्हर शार्क उलटे झालेले, बाकीचे चार वर तोंड लावून पाण्याची कड चाटल्यासारखे हलतायत, टेट्रा पण सगळे वर. गोरामी मात्र नेहमीसारखे, सकर काचेला चिकटून, मधेच एक झेप वर मारून परत खाली. कॅलेंडरवर ४ तारखेच्या चौकोनात लिहिलंय: "२ शार्क गेले. बाकी वर."

आता हे का झालं त्याचा ढोबळ हिशोब बघा, कारण तो एकदा डोक्यात बसला की बाकी सगळं आपोआप समजतं. २८-२९ डिग्रीच्या पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त मावतो तो लिटरमागे साडेसात-पावणेआठ मिलिग्रॅम. दोनशे लिटरमध्ये म्हणजे दीड ग्रॅम. पूर्ण टँकमध्ये दीड ग्रॅम! आणि माशांचं एकूण वजन काकांच्या टँकमध्ये अर्धा किलोच्या वर असणारच. गरम पाण्यातले मासे किलोमागे तासाला दोनशे ते चारशे मिलिग्रॅम ऑक्सिजन घेतात. मधला आकडा धरला तरी तासाला दीडशे-पावणेदोनशे मिलिग्रॅम गेले. लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या खाली आलं की सिल्व्हर शार्कसारखे सतत पळणारे मासे धापा टाकायला लागतात, म्हणजे वापरायला मिळतो तो साठा पाचसहा तासांचा. बाकी जे चालतं ते पाण्याच्या वरच्या थरातून हवेतून जे आत मुरतं त्याच्यावर. पाणी स्थिर असलं, वर हूड बंद असलं, तर ते मुरणं फार हळू होतं. त्यात झाडं असतील तर अंधारात तीही ऑक्सिजनच घेतात, देत नाहीत. त्यामुळे मासे बहुतेक वेळा पहाटे मरतात, तळ्यातसुद्धा ऑक्सिजन सगळ्यात कमी पहाटेच असतो.

गोरामीचं वेगळं आहे. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक जास्तीचा अवयव असतो, त्याने तो वरून हवेचा घोट घेऊन श्वास घेऊ शकतो, फायटरचंही तेच, म्हणून फायटर बिचारा दुकानात बरणीत जगतो. सकर हवा गिळून पोटातून ऑक्सिजन घेतो. म्हणजे लाईट गेली की सगळे मासे सारखेच धोक्यात नसतात. सिल्व्हर शार्क, मोठ्या बार्ब हे आधी जाणार. हे माहीत असेल तर आधी कोणाला वाचवायचं ते कळतं.

काकांना हे सगळं माहीत नव्हतं पण त्यांनी ४ तारखेला जे केलं ते जवळपास सगळं बरोबर केलं. हूड काढून अंगणात ठेवलं. मेलेले मासे काढले. काकूंनी तांब्याने टँकमधलंच पाणी घेऊन हातभर उंचीवरून परत ओतायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळाने त्यांना सुचलं की मधे पोह्याची चाळण धरावी. हा भाग मला फार आवडला. तांब्याने सरळ ओतलं की एक जाड धार पडते, ती खोल जाते, बुडबुडे मोठे होतात आणि लगेच फुटतात. चाळणीतून शंभर बारीक धारा पडतात, प्रत्येक धार हवेतून जाताना हवा घेते आणि पाण्याचा सगळा वरचा थर हलवते. ऑक्सिजन बुडबुड्यातून कमी आणि वरचा थर हलल्यामुळे जास्त मिसळतो, त्यामुळे चाळण खरोखरच जास्त काम करते. दहा मिनिटं ओतायचं, अर्धा-पाऊण तास थांबायचं. घरात काका, काकू आणि लॉकडाऊनमुळे मुंबईहून येऊन अडकलेला पुतण्या, तिघांनी पाळ्या लावल्या. वटपौर्णिमा ५ तारखेला होती, काकू म्हणाल्या वडाला फेऱ्या मारायला वड राहिला नव्हता, तर इकडेच टँकसमोर उभी.

पण माणूस किती दिवस ओतत बसणार. दुसऱ्या दिवशी पुतण्याने मार्ग काढला, गर्दी कमी करायची. चार सिल्व्हर शार्क बाहेर काढायचे ठरलं. काकू म्हणाल्या माळ्यावरचं मोठं घंगाळ काढूया, पसरट आहे, पाणी भरपूर मावतं. काकांनी ठाम नाही म्हटलं, आणि इथे काकांना शंभर मार्क. घंगाळ तांब्याचं. तांबं माशांना विष आहे, त्यातून जांभ्याच्या भागातल्या विहिरीचं पाणी मऊ, अशा पाण्यात तांब्याचा त्रास अजून जास्त होतो. माणसाने तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यावं हे ठीक, माशाला त्यात ठेवू नये. शेवटी भात भिजवायला वापरायचा तो मोठा प्लास्टिकचा टब घेतला, ज्याला साबण कधी लागला नव्हता. अर्धं टँकचं पाणी, अर्धं विहिरीचं. टब पसरट, पाणी फूटभरच, म्हणजे पाण्याच्या मानाने हवेला लागणारा भाग मोठा. वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला कारण सिल्व्हर शार्क उड्या मारतात. सावलीत पडवीत ठेवला. त्या चार माशांनी पुढचे सगळे दिवस त्या टबात काढले, कसलाही पंप नाही, रोज बादलीभर पाणी बदललं की झालं.

खाणं पूर्ण बंद केलं होतं, पहिले पाच दिवस काहीच नाही, नंतर एक दिवसाआड चिमूटभर. तब्येतीचा मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही, हे काकूंना पटवणं पुतण्याला सगळ्यात अवघड गेलं.

इथे जरा थांबून एक सांगतो. इंटरनेटवर लाईट गेल्यावर काय करायचं ते शोधलं की इंग्रजीतले बहुतेक सल्ले थंडीचे असतात. टँकला ब्लँकेट गुंडाळा, गरम पाण्याच्या बाटल्या सोडा, हीटर बंद झाल्यामुळे मासे गारठतील. त्यांच्याकडे बर्फात लाईट जाते, त्यामुळे त्यांचं बरोबरच आहे. आपल्याकडे लाईट जाते ती मे-जूनमध्ये, वादळात नाहीतर पहिल्या पावसात, पाणी तीस डिग्रीच्या आसपास. इथे ब्लँकेट गुंडाळलं तर तुम्ही मासे शिजवताय. पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाची भूक, श्वास सगळं वाढतं, दोन्हीकडून मार. आपल्याकडे टँक उघडा ठेवायचा, खिडकी उघडायची, उन्हाची तिरीप येत असेल तर पडदा लावायचा. महाबळेश्वरला किंवा नाशिकला डिसेंबरात लाईट गेली तर गोष्ट वेगळी, पण तिथेही दोनशे लिटर पाणी एका रात्रीत गार होत नाही, वर झाकण गच्च लावून श्वास कोंडण्यापेक्षा एकदोन डिग्री उतरलेल्या परवडल्या.

पाण्याचं म्हणाल तर घरची विहीर होती म्हणून निभावलं. मोटर बंद, राहाटाने काढायचं. वादळानंतर विहिरीत पाला पडला होता, पाणी गाळून घेतलं आणि बादलीतून बादलीत दोनचार वेळा उंचावरून ओतून मग टँकमध्ये, कारण विहिरीच्या खोल पाण्यात ऑक्सिजन कमी असू शकतो. एका वेळी दोन बादल्या, त्याच्यावर नाही. शेजारच्या आळीत मात्र एकाच्या हौदातल्या गप्पी पंधरावीस मिनिटांत संपल्या, आणि त्याचं कारण प्रत्येक कोकणवाल्याने लक्षात ठेवावं. पूर, वादळ असं काही झालं की सार्वजनिक विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, रोगराई पसरू नये म्हणून, आणि टाकलीच पाहिजे. पण त्यात क्लोरीन असतं आणि ताज्या टीसीएलचं पाणी थेट माशांवर घातलं की कल्ले जळतात. टँकरच्या पाण्याचंही तेच. वास घेऊन बघा, वास आला तर हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे टाका, दुकानात अँटीक्लोरीन म्हणून जे औषध मिळतं तेही चालतं, आणि काहीच नसेल तर उघड्या बादल्यांत एकदोन दिवस उन्हात ठेवा. पावसाचं पाणी? थोडं मिसळलं तर चालतं, पण त्यात क्षार जवळजवळ नसतात, जास्त घातलं की पीएच, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कलीपणा, डगमगतो, आणि पहिल्या पावसाचं छपरावरून आलेलं तर नकोच.

बॅटरीचा पंप ९-१० तारखेच्या सुमारास आला, पुतण्याच्या मित्राने रोह्याकडून येताना आणला, यूएसबीवर चालणारा, दोनतीनशे रुपयांचा. गावात एकाकडे जनरेटर होता, तिथे सगळं गाव मोबाईल चार्ज करायला लाईनीत, आणि पुतण्या पॉवर बँक घेऊन उभा. लोकांनी विचारलं कशाला रे, तर म्हणाला टॉर्चसाठी. माशांसाठी म्हटलं असतं तर लाईनीतून बाहेर काढला असता, आणि खरं सांगायचं तर बरोबरच होतं त्यांचं. दहा हजार एमएएचची पॉवर बँक असा दीड वॉटचा पंप सहज अठरा-वीस तास चालवते, त्यामुळे दिवसभर तांब्या आणि रात्री पंप असं जमून गेलं. १४ तारखेच्या चौकोनात काकांनी लिहिलंय: "सर्व ठीक. पाणी थोडे पिवळे."

मग आली १५ तारीख. सोमवार. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन दिवसरात्र खांब उभे करत होते, संध्याकाळी सातच्या सुमारास गावात लाईट आली. काका म्हणाले पोरं रस्त्यावर येऊन ओरडत होती, फटाके तेवढे बाकी होते. घरात सगळी बटणं चालूच राहिलेली, तीन जूनला जशी होती तशी. पंखा, फ्रिज, टीव्ही, आणि टँकचा बोर्ड. एअर पंप सुरू, ट्यूब सुरू, आणि कपाटातला कॅनिस्टर सुरू.

बारा दिवस बंद पडलेला कॅनिस्टर. यात काय असतं ते डोळ्यासमोर आणा. एक बंद डबा, आत स्पंज, सिरॅमिकच्या नळ्या, त्यांच्यावर कोट्यवधी बॅक्टेरिया जे माशांचा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि तो त्यांना वाहत्या पाण्यातूनच मिळतो. पाणी थांबलं की डब्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो. पुढे हे बॅक्टेरिया मरायला लागतात, आणि दुसरे, बिनऑक्सिजनचे, कामाला लागतात, स्पंजमधला गाळ सडवतात. बारा दिवस जूनच्या उकाड्यात सडलेलं ते पाणी म्हणजे अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड आणि ऑक्सिजन शून्य. कॅनिस्टर सुरू झाला आणि हे सगळं दोन मिनिटांत टँकमध्ये आलं. काका म्हणाले आधी काळं पाणी आलं, शाईसारखं, सडक्या अंड्याचा वास सगळ्या घरात, त्यांना वाटलं गाळ आहे, फिल्टर चालू राहिला की निवळेल. ट्यूब लागली, मासे दिसले, काकू खूश, आज पोटभर द्या त्यांना म्हणून खाणंही पडलं. नशीब एवढंच की सिल्व्हर शार्क उद्या सकाळी टाकू म्हणाले.

सकाळी तीन एंजल, सगळे टेट्रा. चौथा एंजल आडवा पोहत होता. सकर जिवंत. दोन्ही गोरामी जिवंत पण त्यातला एक दोन दिवसांनी गेला, कल्ले लालभडक. वरून हवा पिता येते म्हणून गोरामी ऑक्सिजनच्या संकटातून सुटतो, अमोनियातून नाही, अमोनिया कल्ल्यांतून आत जातोच. आणि पडवीतले चार सिल्व्हर शार्क, ज्यांना सगळ्यात जास्त ऑक्सिजन लागतो आणि जे पहिल्या पहाटे मरायला टेकले होते, ते टबात मजेत. त्यांच्यावर काळं पाणी पडलंच नाही ना. ज्यांनी म्हणून हा किस्सा ऐकला त्यांनी "नशीब" म्हटलं, पण मला त्यात नशीब कमी दिसतं. टबात फिल्टर नव्हता म्हणून सडायला काही नव्हतं, एवढं साधं आहे ते.

यात एक बारीक गोष्ट आहे जी फार कमी लोक सांगतात. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक विषारी अमोनिया आणि दुसरा अमोनियम, जो त्यामानाने निरुपद्रवी. कुठला किती हे पीएच ठरवतो. २८ डिग्रीला पीएच ७ असेल तर विषारी भाग शेकड्यात एकही नाही, पीएच ८ झाला की सहाच्या पुढे, म्हणजे दहापट. बारा दिवस साचलेल्या पाण्यात माशांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो, घाण साठून आम्लपणा वाढलेला असतो, पीएच खाली आलेला असतो, त्यामुळे अमोनिया वाढला तरी तो झोपलेल्या रूपात होता आणि माशांना तितका बाधला नाही. १५ तारखेला एअर पंप जोरात सुरू झाला, कार्बन डायऑक्साइड उडाला, पीएच वर सरकला, आणि वरून कॅनिस्टरचा नवा माल. माझ्या मते त्या रात्री सल्फाइडने आधी मारलं आणि राहिलेलं अमोनियाने पूर्ण केलं. आपल्याकडे दुकानात ऑक्सिजनच्या पांढऱ्या गोळ्या मिळतात, त्यांचाही हाच तोटा आहे, ऑक्सिजन देतात पण बहुतेक गोळ्या सोडियम परकार्बोनेटच्या, म्हणजे पीएच वर ढकलणाऱ्या. पहिल्या दिवशी चालतील, घाणेरड्या झालेल्या पाण्यात आठव्या दिवशी टाकू नका.

१६ ला दुपारी काकांचा फोन लागला. तेव्हा जे सांगितलं ते असं: कॅनिस्टर लगेच बंद, बाहेरचे पाईप काढून डबा अंगणात न्या आणि उघडा. निम्मं पाणी काढा, खालचा गाळ पाईपने ओढून घ्या, विहिरीचं पाणी गाळून हळूहळू भरा, एअर पंप मात्र चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी परत तिसरा हिस्सा. खाणं बंद. सिल्व्हर शार्कना हात लावू नका. काका म्हणाले "अरे पण लाईट आली आता, तरी टबातच?" म्हटलं हो काका, लाईट आली पण फिल्टर मेलाय, आपला टँक आता नवीन टँक आहे असं समजा. वाळूत आणि दगडांवर थोडे बॅक्टेरिया वाचलेले असतात, त्यामुळे अगदी शून्यापासून नाही, पण वेळ लागतोच. कॅनिस्टरमधला स्पंज फेकला, सिरॅमिकच्या नळ्या विहिरीच्या पाण्यात धुऊन परत लावल्या, आणि सुरू करताना पहिलं पाणी टँकमध्ये न सोडता बादलीत सोडायला लावलं, स्वच्छ येईपर्यंत. टेस्ट किट कुरियरने जायला लॉकडाऊनमुळे वेळ लागला, पोचलं तेव्हाही अमोनियाच्या नळीत हिरवा रंग येत होता, म्हणजे पाण्यात अमोनिया अजून होताच. सिल्व्हर शार्क जुलैमध्ये टँकमध्ये गेले.

मग काकांनी ३ जूनला काय करायला हवं होतं? कॅनिस्टर उघडायचा होता, एवढंच. लाईट दोनतीन तासांत येणार नाही असं दिसलं की डबा उघडून आतला स्पंज आणि नळ्या कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरायच्या आणि ती पिशवी टँकमध्येच वरच्या बाजूला लटकवायची, जिथे तांब्याची धार पडते तिथे. बॅक्टेरिया जगतात, थोडं कामही करतात, आणि सडायला डबा उरत नाही. ज्यांच्याकडे साधा ट्रेवाला टॉप फिल्टर आहे ते या बाबतीत सुखी, ट्रेमधली लोकर हवेत ओली राहते, फक्त ती वाळू द्यायची नाही, दिवसातून चारदा त्यावरून पाणी ओतायचं. स्पंज फिल्टर तर टँकमध्येच असतो, त्याचा प्रश्नच नाही. महागातला कॅनिस्टर इथे सगळ्यात धोक्याचा निघतो, गंमत आहे.

आणि बटणं. लाईट गेली की टँकचे सगळे प्लग काढून ठेवायचे. लाईट परत येते ती कधी रात्री दोनला येते, व्होल्टेज वरखाली होत येते, हीटर पाण्याबाहेर असेल तर तडकतो, फिल्टर आपल्या नकळत सुरू होतो. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवलेला असेल तर लाईट जाताच नळीतून पाणी उलटं येऊन पंपात, तिथून बोर्डात जाऊ शकतं, त्यासाठी नळीत नॉन रिटर्न वॉल्व बसवा, स्वस्तातली वस्तू आहे.

इन्व्हर्टरबद्दल सगळे विचारतात. काकांकडे नव्हता. ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्यावर फक्त एअर पंप ठेवावा, तो पाचेक वॉट खातो. कॅनिस्टर पंधरावीस वॉट, तोही जमत असेल तर ठेवा, मग वरचा सगळा प्रश्नच मिटतो. पण स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे पंप घुंई आवाज करतात आणि तापतात, म्हणून आधी एकदा तासभर चालवून बघा. शिवाय दीडशे एएचची बॅटरी दोन पंख्यांवर रात्रभरात खाली येते आणि वादळात ती परत चार्ज करणार कशावर? लांबच्या अंधाराला पॉवर बँक आणि यूएसबी पंपच कामाला येतो, गाडीतूनही चार्ज होतो.

पुढच्याच वर्षी, १६ आणि १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून वर गुजरातकडे गेलं आणि काकांकडची लाईट परत गेली, या वेळी तीनेक दिवस. इशारा आल्यापासून खाणं बंद, हूड काढलेलं, टब तयार. लाईट जाताच काकांनी कॅनिस्टर उघडून नळ्या जाळीत घालून टँकमध्ये टांगल्या, प्लग काढले. मासे आता कमी होते, तेच चार सिल्व्हर शार्क, एक गोरामी, सकर आणि काही नवे टेट्रा. एकही गेला नाही. अडचण आली ती भलतीच: नवी पॉवर बँक घेतली होती, ती पंप लावला की थोड्या वेळात आपोआप बंद व्हायची. काकांना वाटलं पंप बिघडला. बिघडला नव्हता, काही पॉवर बँक फार कमी करंट जातोय असं दिसलं की मोबाईल फुल झाला समजून बंद होतात, आणि हा नवा पंप इतका छोटा होता की तिला काही लावलंय हेच कळत नव्हतं. फोनवर म्हटलं दुसऱ्या भोकात एक यूएसबीचा छोटा बल्ब लावून बघा. लावला, आणि पंप सकाळपर्यंत चालला. तेव्हा बॅटरीचा पंप घेणार असाल तर दुकानातून आणल्या दिवशीच आपल्या पॉवर बँकवर एक रात्र चालवून बघा, आणि बंद पडत असेल तर बल्ब सोबत बांधून ठेवा.